हुमैराचा दुपारचा क्लास

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. हुमैराच्या कॉलेजातल्या मॅडम आल्यात, तिच्या देशाची मुलं-मुली आलीत, बिल्डिंगमधली माणसं आहेत, माझ्या मेसच्या पोरी आहेत. कामाच्या दिवशी, भर दुपारी आलात. बरं वाटलं. मला बोलता येत नाही. म्हणजे तोंड पुष्कळ चालतं, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. पण माणूस गेल्यावर हातात माइक घेऊन बोलायचं, हे कधी केलेलं नाही. चुकलं तर चुकू दे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कुसुम. इथंच, सदाशिव पेठेत, या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर मुलींची मेस चालवते. हुमैरा अफगाणिस्तानातली. वरच्या मजल्यावर राहायची, कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकायची आणि माझ्याकडे जेवायची. मागच्या आठवड्यात डेंग्यूनं गेली. बॉम्ब फुटतात अशा गावातून धडधाकट निघून आली आणि पुण्यातल्या एका डासानं गेली. सांगा, कुणाला जाब विचारायचा?

पहिल्या दिवशी ताटात पोळी वाढली, तर ही ती पोळी उजेडाला धरून बघायला लागली. म्हणाली, "मावशी, हा कागद आहे का? आमच्याकडे नान एवढी असते." आणि दोन्ही हात पसरून दाखवले. मी म्हटलं, "तुझ्याकडे असेल. इथं ही मिळते. भूक असेल तर खा." खाल्ली. मग रोजच खायला लागली. पोरगी गोड होती असं मी म्हणणार नाही. हट्टी होती. माझ्यासारखीच.

मेसची कुठलीही पोरगी सुट्टीत गावाला निघाली, की ही तिच्यामागं जिन्यावर तांब्याभर पाणी ओतायची. तळमजल्यावरच्या काकू एकदा वर बघून म्हणाल्या, "जिना धुवायचाच असेल तर साबणही घाला." मीही ओरडले. तेव्हा तिनं सांगितलं, त्यांच्यात प्रवासाला निघालेल्या माणसामागं पाणी ओततात. माणूस सुखरूप परत येतो. ती पुण्याला निघाली तेव्हा तिच्या आईनं ओतलं होतं. पुढं काकूंचा मुलगा अमेरिकेला निघाला, तर काकूंनीच खालून हाक मारली, "अगं हुमैरा, पाणी घेऊन ये गं लवकर!" काकू, खरं की नाही?

हॉस्पिटलातून तिला नेलं, त्या दिवशीचं सांगते. घरी पाठवणं काही जमलं नाही. तिच्या देशाची ही मुलं पुढं होऊन तिला इथल्याच कबरस्तानात घेऊन गेली. गाडी निघाली तेव्हा माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी टोपण उघडलं. आणि तशीच उभी राहिले. परत ये म्हणायचं, पण कुठं परत ये? तिच्या घरी? तिथं तर जिवंतपणीही तिला जाता येत नव्हतं. टोपण लावून टाकलं.

परदेशी फौजा तिच्या देशातून निघाल्या, तो दिवस मला आठवतो. इतकी वर्षं राहिल्या आणि बघता बघता निघाल्या. मेसमध्ये टीव्ही चालू होता. विमानामागं माणसं पळत होती. पोरींचे घास हातात तसेच राहिले. हुमैरा विमानाकडे बघत नव्हती. ती पळणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ओळखीचं कुणी दिसतंय का.

पुढं जो तो तिला विचारायला लागला, त्याची सुरुवात सांगते. एक गृहस्थ, नाव घेत नाही, समोरच बसलेत, डबा न्यायला आले आणि म्हणाले, "काय गं, फौजा गेल्या हे चांगलं झालं की वाईट? तुमच्या देशाचं पुढं काय होणार?" ती म्हणाली, "काका, ते आले तेव्हा आम्हाला विचारलं नाही. गेले तेव्हाही नाही विचारलं. विचारणारे तुम्हीच पहिले. थँक यू." पोरी हसल्या. काकाही हसले. ती नाही हसली. ताट घेऊन मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. ताट एकच होतं. नळ कशाला मोठा सोडलाय, ते मला कळलं. मी आत गेले नाही.

मग तिच्या धाकट्या बहिणीची, सोरायाची, शाळा बंद झाली. सहावीच्या पुढं मुलींनी शिकायचं नाही. माझी चौथीत बंद झाली होती, लोणी काळभोरला. तिथं कुठली फौज आली नव्हती की गेली नव्हती. धाकटा भाऊ सांभाळायचा होता, तेवढं कारण पुरलं. हुमैराला हे सांगितलं. वाटलं, तिला जरा बरं वाटेल. तर मलाच म्हणते, "मग मावशी, घरी येऊन शिकवायला कुणीच आलं नाही?" मी म्हटलं, "कोण येणार?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं क्लास सुरू केला.

दुपारची जेवणं उरकली की माझा मोबाइल घ्यायची, कारण तिच्या मोबाइलची बॅटरी टिकत नव्हती. लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायची. व्हिडिओवर पलीकडे सोराया आणि तिच्या चार-पाच मैत्रिणी. घरी सांगून यायच्या शिवण शिकायला म्हणून. मांडीवर कापड. दार वाजलं की गणित कापडाखाली. गणित, इंग्रजी, कॉम्प्युटर, सगळं शिकवायची. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण ओरडायची ते कळायचं. एकदा म्हटलं, "किती ओरडतेस गं? आधीच घाबरलेल्या पोरी त्या." तर म्हणते, "मावशी, त्यांना परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. ओरडणारं तरी कुणी पाहिजे ना? म्हणजे शाळा वाटेल."

दुपारी मेस सुनी असते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन गेली. त्या वेळेला घरात आम्ही दोघीच. एकमेकींशी बोलायचोसुद्धा नाही. ती तिकडे बोलायची, मी तांदूळ निवडायचे. पण घरात माणूस होतं. आता घड्याळ ऐकू येतं. आधी ते घड्याळ वाजतं हेच मला माहीत नव्हतं.

तिला पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लासच्या वेळेला फोन वाजला. त्यांना कळलेलं होतं. तिच्या कॉलेजातल्या, तिच्याच देशाच्या एका मुलानं तिच्या वडिलांना कळवलं होतं. तरी फोन आला. उचलला. सोराया, आणि मागं बाकीच्या. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी येत नाही. सोराया म्हणाली, "मावशी." तेवढा एकच शब्द तिला येतो. मी म्हटलं, "हं." पुढं काय बोलणार? फोन बरणीला टेकवला आणि संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळायला घेतली. त्या बघत बसल्या. क्लास संपायच्या वेळेपर्यंत बघत बसल्या. मग सोरायानं हात हलवला आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी परत. तेव्हापासून रोज. मी कणीक मळते, त्या बघतात.

आता स्पष्टच बोलते. त्या देशाचं पुढं काय होणार, हे मला विचारू नका. मला तो देश माहीत नाही. मला ती एक खोली माहीत आहे. त्या खोलीतल्या पोरी रोज वेळेवर येऊन बसतात, आणि कणीक बघून कुणी गणित शिकत नाही. इथं हिंजवडीला जाऊन कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पोरी बसल्यात. मॅडम, तुम्ही बसलात. त्यांची भाषा बोलणारी मुलं-मुली बसलीत. "फार वाईट झालं हो मावशी," एवढं म्हणून घरी जाऊ नका. ते मला कळलंय. तुमच्यातलं कुणीतरी उद्या दुपारी मेसमध्ये या. आत्ता हात वर करू नका. सभेत वर होणारे हात मी पुष्कळ पाहिलेत. सरळ या. चहा देईन. कुणी नाही आलं तरी फोन मी उचलणारच. पण माझ्याच्यानं तेवढंच होतं.

ही सभा दुपारी ठेवली, ती याचसाठी. टेबलावर माझा मोबाइल आहे आणि तो चालू आहे. त्या ऐकतायत. कुणी फोटो काढायचा नाही. स्टेटसला तर मुळीच टाकायचं नाही. तुमच्या एका फोटोपायी तिकडे दार वाजेल.

आता उठा. हुमैरासाठी आपण दोन मिनिटं उभं राहू आणि गप्प राहू. तिकडच्या पोरींना मात्र मी गप्प राहा म्हणणार नाही. ते सांगायला तिथं पुष्कळ जण आहेत. त्यांना काही बोलायचं असेल तर बोलू देत. हळू बोलतात त्या. पंखे बंद करा.