अकरा संध्याकाळांचं शिक्षण

(धाकट्या बहिणीचं घर. रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर एक निळी फाइल, दोघींच्या मधोमध.)

थोरली : फाइलवरचा हात काढ.

धाकटी : माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून मलाच सांगतेस?

थोरली : टेबल तुझं. आतलं सर्टिफिकेट माझं. एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा, दोन वर्षांचा, पहिला वर्ग. नाव कुणाचं आहे त्यावर? वाच.

धाकटी : एकोणीस वर्षं रोज सकाळी हजेरीपटात तेच नाव लिहिते मी. मला काय वाचायला लावतेस?

थोरली : लिहितेस तेव्हा कळत असेल ना, की हे आपलं नाही?

धाकटी : पहिले काही महिने कळायचं. मग शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याच नावाने हाका मारायला लागले, आणि मी वळून बघायला लागले. तुला त्या नावाने शेवटची हाक कोणी मारली होती, सांग बरं? तुझ्या सासरी तर 'अगं ए'च्या पुढे कोणी गेलं नाही.

थोरली : सासर काढू नकोस.

धाकटी : का? दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा बॅग घेऊन कुणाच्या दारात आलीस? तेव्हा मी चोर नव्हते वाटतं.

थोरली : राहायला जागा दिलीस, उपकार झाले. पण मला उद्याचं बघायला हवं. बेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काहीही येत नाही, चिमे. शिकले ते एवढंच. आणि तेही तू वापरून बसलीस.

धाकटी : वापरून म्हणे. साडी आहे का ती?

थोरली : उद्या पाच वाजता टेक्निशियनांची नवी सरकारी नोंदणी बंद होतेय. सर्टिफिकेट, फोटो आणि अंगठा. एका सर्टिफिकेटवर एकच अंगठा. जिचा अंगठा लागेल, ती टेक्निशियन. दुसरीला पुन्हा कधीही त्या मशीनला हात लावता येणार नाही. तो अंगठा मी देणार.

धाकटी : आणि मी काय करू? दहावी नापास बाईला कुठे घेतात, माहितेय? आमच्याच हॉस्पिटलात फरशी पुसायला. मग मी माझ्याच खोलीची फरशी पुसते आणि तू मशीनजवळ उभी राहा. पाय जरा वर घ्या मॅडम, म्हणते मी तुला.

थोरली : दहावी पुन्हा द्यायची होती. नाही कोण म्हणालं होतं? मी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, हे कायमचं नाही. सहा महिन्यांत हिने गणिताचा पेपर काढावा, मग बारावी, मग स्वतःचा डिप्लोमा. तोवर माझ्या सर्टिफिकेटवर चालवून घ्या.

धाकटी : गणिताच्या पेपरला मी का गेले नव्हते, ते सांगितलंस का बाबांना? का ते विसरलीस?

थोरली : विसरले नाही.

धाकटी : मग मीच सांगते. आई तीन वर्षं अंथरुणावर होती. तू होस्टेलवर, हाडांची नावं पाठ करत. मी घरी तिची चादर बदलत. त्या दिवशी सकाळी ती पलंगावरून खाली पडली आणि मी तिला उचलून बसवेपर्यंत पेपर सुरू झाला होता. तुझा तो पहिला वर्ग आहे ना, त्यातला अर्धा माझ्या पाठीवरून गेलाय.

थोरली : होस्टेलवर मी आपणहून गेले नव्हते. बाबांनी पाठवलं.

धाकटी : आणि डिप्लोमा हातात पडल्यावर महिन्याभरात लग्न कुणी केलं? तेही बाबांनीच? सासू म्हणाली, आमच्या घरच्या सुनेने परक्या माणसांच्या छात्या बघायच्या नाहीत. तू मान डोलावलीस. ते सर्टिफिकेट तुझ्या कपाटात सडलं असतं, ताई. मी त्याचं सोनं केलं.

थोरली : सोनं. दोन पुस्तकं धड वाचलेली नाहीस तू. कुठल्या हाडाला किती किरण लागतात, ते तक्त्यावर बघून बटण दाबतेस.

धाकटी : बरं, मग घे परीक्षा. नाही, मीच घेते तुझी. उद्या अंगठा देणार, परवा कामावर येणार ना? पहिलीच पेशंट. सत्तरीची म्हातारी, न्हाणीघरात घसरली, खुब्याचा एक्स-रे. टेबलावर उताणी आहे. काय करशील?

थोरली : पाय सरळ. अंगठे एकमेकांकडे. पाय साधारण पंधरा अंश आत वळवायचा, म्हणजे खुब्याच्या हाडाची मान पूर्ण दिसते. मग...

धाकटी : बास. खुबा मोडलाय तिचा. मोडलेला पाय वळवलास तू. म्हातारी किंचाळली, बाहेर तिचा मुलगा दारावर धडका मारतोय, आणि मोडलेलं हाड आणखी सरकलंय. पहिल्याच दिवशी.

थोरली : ...पुस्तकात लिहिलंय ते. मोडल्याची शंका असेल तर वळवायचा नाही. मला माहीत होतं.

धाकटी : वीस वर्षांपूर्वी माहीत होतं. मला आज माहीत आहे. म्हातारी ज्या तऱ्हेने पडलीय तशीच राहू द्यायची आणि मशीन तिच्याभोवती फिरवायचं. मोठे डॉक्टर नव्या पोरांना सांगतात, फोटो कसा काढतात ते आमच्या मॅडमकडे बघून या. डिग्री घेतलेल्या पोरांना.

थोरली : ज्या मॅडमच्या नावाने सांगतात ती मी आहे. ह्या फाइलीत बघ. तू मला दाखवलीही नव्हतीस, मी आज काढली. एकोणीस वर्षांचे बॅजचे रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एक. अंगावर किती किरण गेले, तर शून्य. पुन्हा शून्य. माझ्या नावाला एक डाग नाही. त्या नोंदणीवाल्यांपुढे हेच ठेवणार मी.

धाकटी : ठेव की. ते शून्यही माझेच आहेत. माझी खोली येऊन बघ एकदा, मग बोल. कोपऱ्यात कागद सापडायचा नाही. फिल्मच्या कॅसेटी पुसून रांगेत, आणि शिशाचा एप्रन रोज संध्याकाळी चार पदरी घडी करून कपाटात. इस्त्री केल्यासारखा. दुसऱ्या पाळीचा माणूस तो तसाच खुंटीवर लटकवून जातो, मी सकाळी त्याला बोल लावते.

थोरली : काय करतेस?

धाकटी : बोल लावते. पसारा मला चालत नाही.

थोरली : एप्रनची घडी घालतेस?

धाकटी : मग काय बोळा करून टाकू?

थोरली : किती वर्षं?

धाकटी : पहिल्या दिवसापासून. का?

थोरली : तो घडी घालायचा नसतो, चिमे. आतलं शिसं तडकतं. घडीच्या रेषेवर भेगा पडतात. वरून कापड चांगलं दिसतं, आतून किरण आरपार जातात. तो लटकवूनच ठेवायचा असतो.

धाकटी : मला कोणी सांगितलं नाही.

थोरली : आणि मुलं आली की? हलणारी, रडणारी, दोन-तीन वर्षांची?

धाकटी : आईला बाहेर पाठवते. तिला दिवस गेलेले असले तर म्हणून. पोराला मीच धरते. एका हाताने डोकं, एका हाताने पाय. सहायक बटण दाबतो. माझ्याकडे पोरं रडत नाहीत, कुणालाही विचार.

थोरली : तडकलेला एप्रन घालून.

धाकटी : तडकलाय हे आत्ता सांगतेस तू.

थोरली : थांब. मग हे शून्य कुठून आले? एखाद वेळेला शून्य येतो. तू रोज मशीनजवळ उभी असतेस. पोरांना हातांनी धरतेस. एकोणीस वर्षांत एकदाही काहीच नाही? बॅज कुठे लावतेस?

धाकटी : असतो की.

थोरली : कुठे असतो?

धाकटी : ड्रॉवरमध्ये.

थोरली : ...कुठे?

धाकटी : असं बघू नकोस. त्याच्यावर तुझं नाव आहे, मोठ्या अक्षरांत, बरोबर छातीवर. कामाला लागले त्याच महिन्यात आपल्या शाळेतली ती ठेंगणी आली, वडिलांचा एक्स-रे काढायला. तिने बॅज वाचला, मग माझं तोंड बघितलं, पुन्हा बॅज वाचला. मी हसून म्हटलं, चुकून ताईचा लावला, ती पण इथेच असते. त्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये. तीन महिन्यांनी गोळा करायला माणूस येतो, त्याला काढून देते. नाव दाखवत फिरायचा बिल्ला तो, मला काय करायचाय?

थोरली : तो बिल्ला नाही गं. तुझ्या अंगात काय काय गेलं, ते मोजणारी तीच एक वस्तू आहे. हे शून्य तुझे नाहीत, चिमे. ड्रॉवरचे आहेत.

धाकटी : तू मला तसं सांगितलं नव्हतंस.

थोरली : नाही.

धाकटी : अकरा संध्याकाळी शिकवलंस तू मला, ह्याच टेबलावर, तेव्हा ते बाबांच्या घरी होतं. किरण म्हणून टॉर्च, आणि हाडं म्हणून माझेच हात. मी एकूणएक शब्द पाठ केला होता. बॅजचा एक शब्द नव्हता त्यात.

थोरली : ते शेवटचं प्रकरण होतं. किरणांपासून स्वतःला कसं जपायचं. बाराव्या संध्याकाळी घेणार होते. लग्नाची खरेदी निघाली. मी म्हटलं, पुढच्या वेळी माहेरी आले की सांगेन.

धाकटी : पुढच्या वेळी.

थोरली : मग राहूनच गेलं. तू कामावर रुळली होतीस. मला तुझा राग यायला लागला होता. माझ्या नावाने तू बाहेर पडायचीस आणि मी आत स्वयंपाकघरात. मुद्दाम विचारायचे नाही, काम कसं चाललंय म्हणून.

धाकटी : मला वाटायचं, तुला कळत असेल सगळं. तू शिकलेली.

थोरली : एक विचारते. खरं सांग. तुला दिवस गेले होते, दोन्ही वेळेला, तेव्हा मशीनवरून हलवून घेतलं होतंस ना? तसा नियम आहे. लगेच कळवायचं, की दुसरं काम देतात.

धाकटी : माहीत होतं. भिंतीवर पाटी आहे तशी.

थोरली : मग?

धाकटी : अर्जाला तपासणीचे कागद जोडायचे होते. माझे सगळे कागद माझ्या नावाचे. नवऱ्याचं नाव ह्यांचं. हजेरीपटावर तू. कारकुनाला काय सांगू? पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. दुसऱ्या वेळी चौथ्या. दोन्ही वेळेला ताप आला म्हणून सुट्टी घेतली. तुझ्या नावाने.

थोरली : त्या काळातही पोरांना धरायचीस?

धाकटी : कामच होतं ते. ...ताई, त्याच्यामुळेच झालं का?

थोरली : माहीत नाही.

धाकटी : तू शिकलीयस. सांग.

थोरली : कोणीच सांगू शकणार नाही. बॅज अंगावर असता तर काहीतरी सांगता आलं असतं. तेवढ्याने होतंच असं नाही. दुसरी कितीतरी कारणं असू शकतात. पण नाहीच असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

धाकटी : मला सासूने वांझ म्हटलं, तेव्हा तू तिथेच बसली होतीस. मान खाली घालून.

थोरली : होते.

धाकटी : घेऊन जा फाइल. उद्या अंगठा दे. नको मला ते नाव.

थोरली : बस खाली. उद्या कोणी अंगठा देणार नाही. उद्या सकाळी आपण दोघी मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आणि सांगायचं, एकोणीस वर्षं ह्या खोलीत ही उभी होती. मी नव्हते. तुझं रक्त तपासायला हवं, तुझ्या नावाने. कुठल्या मशीनवर किती वर्षं, किती पोरं धरलीस, सगळं लिहून द्यायला हवं. माझ्या नावाने तपासून काय उपयोग? माझ्या अंगात काहीच गेलेलं नाही.

धाकटी : त्याच दिवशी काढून टाकतील मला. फसवणूक म्हणून पोलिसांत देतील.

थोरली : देतील कदाचित. मलाही देतील. सर्टिफिकेट रद्द होईल ते वेगळंच.

धाकटी : मग तू काय करणार? तुला दुसरं काही येत नाही, आत्ताच म्हणालीस.

थोरली : नाही येत. मला भीती वाटतेय, आणि तुझा राग अजूनही आहे. तो काही एका दुपारीत जायचा नाही. वही आण.

धाकटी : माझाही जायचा नाही.

थोरली : नको जाऊ दे. वही आण आधी. ...हं. कामाला लागल्याची तारीख सांग. पहिलं मशीन कुठलं? रोज साधारण किती फोटो?

धाकटी : तीस. सोमवारी चाळीस. तू खरंच लिहितेयस?

थोरली : लिहितेय. पोरं किती धरायचीस आठवड्याला?

धाकटी : पाच-सहा. सुट्ट्यांमध्ये जास्त. झाडांवरून पडतात.

थोरली : एप्रन, रोज घडी. बॅज, ड्रॉवर. त्याच्यापुढे लिहिलंय, शिकवणारीने सांगितलं नव्हतं. वाचून बघ. मग इथे खाली सही कर.

धाकटी : तुझी?

थोरली : नाही. तुझी.

धाकटी : ती लग्नाच्या रजिस्टरात केली होती, त्यानंतर नाही. पगाराचं खातंही तुझ्याच नावाने आहे. ...ताई, शाळेत माझ्या वह्यांना कव्हरं तू घालायचीस ना? त्यांवरची माझी सही कशी होती गं?