भूपेश पकडतो, पण ठेवत नाही

— नाई नाई, बूट काढूनच उतरा जी साहेब, बुटानं बांधीत, ह्या धानाच्या चिखलात, उतरसान तर बूट इथंच राहतीन अन् तुम्ही अनवाणी नागपूरले जासान. हो, पॅन्ट वर घ्या. अजून वर. लाजू नका, सोळा बाया हायेत इथं, सगळ्याईनं गुडघे पाहिले हायेत. तुम्हाले भूपेशबद्दल बोलायचं हाय न? मंग बोला, मी कुठं नाई म्हटलं, मीच त्याची आई, मंदाबाई — पण धानाचा रोवणा थांबवून बोलता येत नाई, दुपारपावतर ही बांधी झाली पाहिजे. अन् आमचा पेंड्या फेकणारा, म्हणजे भूपेशचा बाप, मोटर घेऊन साकोलीले गेला दुरुस्तीले. तर तुम्ही असं करा, धुऱ्यावर, त्या उंच बांधावर, पऱ्ह्याच्या पेंड्या ठेवल्या हायेत — धानाचं रोपच होय जी, जुड्या बांधलेलं — त्या फेका आमच्याकडे. मी रोवतो अन् बोलतो, तुम्ही फेका अन् ऐका. अमेरिकन फुटबॉलच्या टीमचे मॅनेजर न तुम्ही? मंग फेकता येतच असन. हं, फेका — अरे बाप्पा! कामिनीच्या टाळक्यात? अन् हे टीम चालवतात.

पाहा, पेंडी अशी फेकायची का ती रोवणारीच्या पुढ्यात पडली पाहिजे, तिचा हात रिकामा व्हायच्या आधी. एक बाई थांबली का तिची पात, तिची ओळ, मागं राहते, मंग तिच्यासाठी बाकीच्या थांबतात, नाईतर थांबत नाईत — ते जाऊ द्या. भूपेशचा बाप काही जास्तच जोरात फेकते. फेकली का पेंडी चार बांध्या ओलांडून जाते, कधी तलावात, एकदा तर यष्टीच्या टपावर गेली, ती लाखनीले उतरली म्हणतात. मंग आमचा पोट्टा, भूपेश, धावायचा. चिखलातून, साहेब, गुडघ्याएवढ्या चिखलातून धावत-धावत मागं पाहायचा अन् हवेतच झेलायचा. एका हातानं. पाडली कधी? एक बी नाई. तुमचे मास्तर म्हणाले न त्याले, चिखलाशिवाय धावायले लावलं तर हा हरिण हाय — हरिण कायचा, चिखल नसला का त्याले वाटते आपण उडून राहिलो, म्हणून घाबरून पळते तो.

तुमच्यात कसा आला? तेच तर. गेला होता नागपूरले, पोलीस भरतीच्या धावण्याले. त्याच मैदानाच्या बाजूले तुमची मंडळी तो अंड्यासारखा बॉल फेकून राहिली होती. एकाचा हात सुटला, बॉल आला इकडे. भूपेशच्या एका हातात कुल्फी. दुसऱ्या हातानं झेलला त्यानं, पाठमोरा, चपलेवर — अन् कुल्फीचा थेंब नाई पडू दिला. हे तुम्हीच सांगितलं होतं मले फोनवर, विसरले का? पण पुढचं नाई सांगितलं तुम्ही. बॉल झेलून त्यानं काय केलं? बाजूले एक म्हातारा फिरायले आला होता, रिकाम्या हातानं. त्याच्या हातात दिला. म्हातारा बॉल घेऊन घरी गेला. तेव्हाच समजाले पाहिजे होतं तुम्हाले!

नाई समजलं. सही घेतली, कपडे दिले, डोक्यावर ते टोपडं दिलं लोखंडी जाळीचं. त्यानं फोटो पाठवला त्या टोपड्यातला, गुंजननं, आमच्या पुतणीनं, गावभर दाखवला. आमच्या अर्ध्या सानगडी गावानं ठरवलं पोट्टा वेल्डिंग शिकून राहिला. बाकीचं अर्धं गाव म्हणे, नाई, धरणात बुडी मारून दरवाजे साफ करते. तेव्हापासून दोन पोट्ट्या सांगून आल्या त्याले, सरकारी नोकरी समजून. मी कोनालेच नाई म्हटलं नाई, हो बी म्हटलं नाई.

— हं, ही बरी होती. कोपर आत घ्या, कोपर. असं.

मंग पहिली मॅच. आम्ही सगळ्या बाया गुंजनच्या फोनवर पाहत होतो, धुऱ्यावर बसून, भाकरी हातातच. तुमच्या माणसानं बॉल फेकला उंच, आमचा भूपेश धावला, मागं पाहिलं, झेलला — मैदानभर आरडाओरड! अन् तेवढ्यात त्याच्या अंगावर धावत आला निळ्या शर्टातला एक दांडगा, दोन्ही हात पसरून. पसरलेले हात, साहेब. रिकामे. भूपेशनं काय केलं? दिला त्याले बॉल. दोन्ही हातानं, नीट, ओंजळीत ठेवावा तसा. तो बिचारा निळा तिथंच उभा राहिला, त्याले समजेना आता धन्यवाद म्हणावं का पळावं. मंग पळाला. तुम्ही हारले. पण इथं बाया टाळ्या वाजवून राहिल्या होत्या, खोटं कायले सांगू — त्याईले वाटलं अचूक दिला पोट्ट्यानं.

दुसऱ्या मॅचमध्ये सहा झेलले. सहाचे सहा. तीन निळ्या-पिवळ्याईले, एक पंचाले, एक पाणी वाटणाऱ्याले अन् एक — हो, तो कॅमेरावाला, त्यानं कॅमेरा खाली ठेवला होता घाम पुसायले, चूक त्याची. तिसऱ्या मॅचपावतर तर समोरचे हुशार झाले, सगळेच हात पसरून त्याच्यामागं फिरू लागले, देवळात प्रसादाले फिरतात तसे. तुमच्या मास्तरानं समजावलं त्याले, लाल शर्ट आपला, दुसरा रंग परका. तो म्हणाला, मास्तर, बांधीत सगळ्याईचे कपडे चिखलाचेच असतात, रंग पाहून कोनी पेंडी देते का. मंग तुम्ही त्याले मनाच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं, बॉल मांडीवर घेऊन बसवलं तासभर, बॉल सोडायचा नाई म्हणून. मॅडमनं पेन खाली ठेवला अन् — हो न? मॅडमच बॉल घेऊन घरी गेली न?

हासू नका. मले बी हासू येते, पण हासू नका.

समजलं मले तुम्ही कायले आले ते. रविवारच्या मॅचमध्ये त्यानं बॉल दिला तर कागद फाडसान, सामान बांधून घरी. नाई दिला तर तीन वर्षं पक्की. अन् तो माझंच ऐकते, म्हणून मी त्याले सांगू, देऊ नको. एवढंच न? आता मले का वाटत नाई त्यानं तिथं राहावं? वाटते जी. गेल्या आठवड्यात फोन केला तर रडून राहिला होता. म्हणे आई, मले झेलण्याशिवाय काही येत नाई अन् झेलणं फक्त इथंच कामाचं हाय, पण मंग हात आपोआपच पुढं जातात. बावीस वर्षांचा पोट्टा. 

मी तुम्हाले फोनवर सांगितलं होतं न, ही आमच्या गावची रीतच हाय म्हणून? ज्याचा हात रिकामा त्याले द्यायचं म्हणून? खोटं सांगितलं. अशी कोणती रीत नाई. इथं जो-तो आपल्या टोळीची पेंडी सांभाळते. थांबा, फेकू नका, ऐका आधी.

तो सात वर्षांचा होता. त्या साली एका शेतवाल्यानं टोळीले बिनदुधाचा चहा दिला. बायाईनं ठरवलं, त्याच्या बांधीत पाय ठेवायचा नाई. चहावरून! अन् मी गेली. काहून गेली? कारण मले काळा चहा चालते, बस. दुसऱ्या दिवसापासून कोनी माझ्याशी बोलेना. तेव्हा पेंड्या भूपेशचा बाप नाई, खुशाल नावाचा एक जण फेकायचा, त्याले टोळीच्या म्होरकीनं, ह्या शकुनबाईनं, सांगितलं, मंदीले पेंडी द्यायची नाई. दुसऱ्या एकाच्या बांधीत पंधरा बाया रोवून राहिल्या, अन् मी मधात उभी. सकाळपासून. पात पुढं निघून गेली, माझ्याभोवती चिखलाचा चौकोन राहिला मोकळा, अन् मी त्याच्यात हात लोंबकळवून उभी. घरी जायचं तर लाज, उभं राहायचं तर लाज. असे हात नका होऊ देऊ कोनाचे, साहेब, रिकामे. लय वाईट दिसतात.

हा धुऱ्यावर होता. उतरला चिखलात, शकुनबाईले जाणारी पेंडी हवेतच पकडली, मले आणून दिली. मंग दुसरी. मंग डिंपलची, कामिनीची. खुशाल दुसरीकडे फेके, हा तिकडे धावे. खुशालनं चिडून तलावाकडे फेकल्या, हा तिथून बी घेऊन आला. बायाईले हासू फुटलं, कोनी वाकून रोवेना, सगळ्या पाहतच राहिल्या. मी अशी रोवली त्या दिवशी, कधी रोवली नाई तशी. अन् शेवटी काय झालं, शकुनबाईजवळ एक बी काडी उरली नाई. ती उभी, हात लोंबकळवून. ह्यानं पुढची पेंडी झेलली अन् चालला तिच्याकडे. मी म्हटलं, भूप्या, तिले देऊ नको. तो म्हणे, आई, तिचे बी हात रिकामे हायेत न.

मी मारलं त्याले. सगळ्याईसमोर, चिखलाच्या हातानं, गालावर पाचही बोटं उमटली. त्यानं ऐकलं का? नाई. रडत-रडत गेला अन् दिली तिले. हे मी कोनाले सांगितलं नाई आजपावतर, त्याच्या बापाले बी नाई. अन् हे तुम्हाले सांगून राहिली आता, ओळख ना पाळख, तुमच्या पॅन्टले चिखल लागला म्हणून. शकुनबाई, तू मान वर करू नको, तुझ्याशी नाई बोलून राहिली मी.

लावा फोन. लावा म्हटलं न. माझे हात भरले हायेत, कानाले तुम्हीच धरा. — हॅलो, भूपेश? हो बाबू, रोवणाच हाय... हो, साहेब इथंच हायेत, पेंड्या फेकून राहिले... हासू नको, आता जमाले लागलं त्याईले. ऐक. रविवारी बॉल हातात आला का कोनाले द्यायचा नाई... कोनालेच नाई. कोनी हात पसरू दे, कोनाचा हात रिकामा असू दे, आपण पाहायचंच नाई तिकडे. पोटाशी धरायचा अन् पळायचं. मी सांगून राहिली, तुझी आई... काय? ...हं. जेवून घे.

बरं म्हणाला.

बरं आई, एवढंच म्हणाला साहेब. मले वाटलं तो विचारन तरी, काहून म्हणून. भांडन जरासा. मी तयारी करून होती मनात, तो असं म्हणाला तर असं म्हणायचं. तेव्हा मार खाऊन बी ऐकला नव्हता, आज नाईच भांडला. शिकवलं तुम्ही त्याले, नाई का? चांगलं शिकवलं.

झालं न तुमचं काम? मंग कायले उभे हा? ठेवा ती पेंडी खाली, आम्ही आमचं घेऊन घेऊ. नहरावर पाय धुवा अन् निघा. डिंपल, कामिनी, तोंड काय पाहून राहिल्या, वाका. तू बी वाक शकुनबाई, रडू नको उगाच, पात मागं राहिली. जा जी साहेब, जा.