गयाबाईची काळी आमटी

अन्याय गयाबाईवर झाला. वय सत्तरीच्या पुढं, गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, उभा जन्म ऊसतोडीत गेला. कधी झाला, तर गेल्या नागपंचमीच्या आधीच्या रविवारी, सकाळी पावणेआठ वाजता, एका मोठ्या पेपरची पुरवणी तलवाड्याच्या स्टँडवर उघडली तेव्हा. पुण्यातल्या एका गाजलेल्या हॉटेलाची बातमी होती. शेफचा अर्ध्या पानाचा फोटो होता. आणि गयाबाईनं उसाच्या फडात जन्माला घातलेली आमटी त्या शेफच्या आजीच्या नावावर चढवलेली होती. ही चूक नाही, चोरी आहे. गयाबाईची लेक सुमन त्या हॉटेलात सात वर्षं राबली. तिनं सांगितलं ते तिच्याच तोंडचं खाली उतरवलं आहे. शेफबद्दल ती चांगलं बोलली तेही ठेवलं आहे, मला काढायचं होतं तरी.

आमी मूळचे तलवाड्याचेच. माय आन् बाप दोघं मिळून एक कोयता, आमच्यात नवरा-बायको असंच मोजतेत, एक कोयता. दसरा झाला की निम्मं गाव मोकळं व्हायचं, ट्रकात भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं एकाजागी. पर जायच्या आधी एक काम असायचं, येसराचं. येसर म्हंजी बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, समदं खमंग भाजायचं आन् जात्यावर दळायचं, मग कुठंबी जा, उकळत्या पाण्यात दोन मुठी सोडल्या की आमटी तयार. गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात जमायच्या, एक भाजायची, दोघी दळायच्या, आन् गाणी कमी न् टवाळी जास्त. कोणाच्या सासूची नक्कल, कोणाच्या नवऱ्याची. मला अजून त्या भाजल्या धन्याचा वास आला की बाया हसताना ऐकू येतेत, काय सांगू तुमाला, इतकं हसणं मला पुढं कुठंच भेटलं न्हाई.

तर ती आमटी. ती कशी झाली ते नीट लिवा, कारण सगळं भांडण त्याच्यावरच हाय. मी आठ-नऊ वर्षांची असंल. कारखान्याच्या हद्दीत आमची कोपी होती, पाचटाची झोपडी. सकाळचे नऊ वाजले असतील, माय दुसरी फेरी करून भाकरी थापायला आलती, आन् तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर आला की हातातलं टाकून पळायचं, घास तोंडात असला तरी. मुकादम बोंबललाच, चला बे, गाडी उभी हाय, जेवणं मागून करा. माय मला म्हणली, सुमे, तव्यावरच्या भाकरीकडं बघ, पलटी मार. आन् गेली. मी बघत होते, पर ट्रॅक्टरकडं. त्याला नवी झालर लावलती, लाल-हिरवी, आन् आत गाणी वाजत होती. माय मोळी टाकून आली तवर भाकर एका अंगानं कोळसा. मला एक रट्टा बसला, पाठीवर, चांगला. मग तिनं ती भाकर हातात घेतली, उलटी-सुलटी केली. ज्वारी होती ती, टाकायची कशी? आमच्यात भाकर टाकत न्हाईत. तिनं दगडावर ती जळकी भाकर, लसूण आन् मूठभर येसर असं वाटलं, काळंभोर, आन् पातेल्यात सोडलं.

मुकादम वासानं आला. एक वाटी पेला, दुसरी पेला. म्हणला, गयाबाई, हे कालवण हाय का जादू हाय? दुसऱ्या दिवशी टोळीतल्या बाया विचारायला, गया, काय घातलंस गं त्यात? माय म्हणली, लेकीची अक्कल जाळून घातली. तवापासून सगळी टोळी म्हणायची, गयाची काळी आमटी. बाजाराच्या दिवशी तोड नसायची, मग मुद्दाम भाकर जाळायची. पर ताजी न्हाई हां, आदल्या दिवसाची, ताजी जाळली की कडू मारती. आन् एकाच अंगानं. हे मायनं नंतर शोधलं, करून-करून. म्हंजी जाळली मी, पर केली तिनं. ह्यात माझा एवढाच वाटा, एक रट्ट्याचा.

लग्न झालं, चार हंगाम मीबी कोयता धरला, मग नवऱ्याला पुण्यात वॉचमनची नोकरी लागली आन् मी त्याच्या मागं गेलते. शेजारणीनं हॉटेलात लावलं. पयल्यांदा भांड्यावर, मग कांदा-लसूण, मग एक दिवस भाकरीवाली बाई आली न्हाई आन् हॉटेलवाले म्हणले, भाकर कोणाला येती? मी म्हणले, मला दुसरं काय येतंय? तवापासून मी भाकरीवाल्या मावशी. वय माझं तीसच होतं, पर हॉटेलात साडी नेसली की मावशीच म्हणतेत.

तुमी त्या हॉटेलाला शिव्या घालता, घाला, पर सुरुवातीचे दिवस लई चांगले होते. बारा टेबलं, पत्र्याचं छत, आन् शेफसर तवा एवढे मोठे नव्हते. पोरगंच होतं, परदेशात शिकून आलतं, हाताला चटके, दाढी वाढलेली. दुपारी चारला गिऱ्हाईक नसायचं, तवा स्टाफचं जेवण मी करायचे, आमी सगळे मागच्या दाराला पालथ्या बादल्यांवर बसून जेवायचो, सरबी. बिहारचा एक उस्ताद होता तंदूरवर, तो म्हणायचा, मावशी, तुमच्या भाकरीला माझ्या नानपेक्षा आवाज जास्त, थाप-थाप, डोकं उठतं. मी म्हणायचे, तुझ्या नानला हाडं न्हाईत म्हणून आवाज न्हाई. सरांना हसून-हसून ठसका लागायचा. ते दिवस आठवले की मला मागच्या दाराचा तो वारा लागतो अंगाला, खरं सांगते.

अशाच एका दिवशी शिळ्या भाकरी उरल्या, येसर मायनं गावाकडून पाठवलेला होता, मी काळी आमटी केली. सरांनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. मग म्हणले, मावशी, हे काय आहे? मी सगळं सांगितलं, ट्रॅक्टर, झालर, रट्टा, समदं. म्हणले, तुमच्या आईचं नाव काय? मी म्हणले, गयाबाई. त्यांनी वहीत लिवलं. मी डोळ्यांनी बघितलंय लिवताना.

आन् मग ती आमटी हॉटेलाच्या मेनूकार्डावर गेली. पुढं काय झालं ते तुमाला माहीतच असंल. सर टीव्हीवर स्पर्धेत परीक्षक झाले. चौकात त्यांचं पोस्टर लागलं, हाताची घडी घालून. महिना-महिना आधी टेबल धरायला लागले लोक. मोबाईलवाल्या पोरी यायच्या, गोल दिवा घेऊन, आमटीचा वरून फोटो, बाजूनं फोटो, वाफ निघत न्हाई म्हणून परत गरम करून आणा. आमटीवर साय धरायची, पर पेत कोण न्हाई. उस्ताद म्हणायचा, मावशी, ह्यांचं पोट फोनात हाय. पालथ्या बादल्या गेल्या, सर वरच्या मजल्यावर जेवाया लागले.

श्रावणाच्या तोंडावर सर किचनमध्ये आले, म्हणले, मावशी, रविवारच्या पुरवणीत आपल्या आमटीवर मोठा लेख येतोय, बाई मुलाखत घेऊन गेली, तुमच्या आईचं सांगितलंय मी. मी तसाच मायला फोन लावला. म्हणले, माय, रविवारी पेपरात तुझं नाव येतंय. ती म्हणली, कावून, मी काय केलं? म्हणले, आमटी केलीस की. मग म्हणली, फोटो लागंल का गं, माझ्याकडं धड लुगडं न्हाई.

त्या रविवारी माय सकाळीच स्टँडवर जाऊन बसली. पेपरची गाडी आली, चहावाल्या नामदेवअण्णानं पुरवणी काढली आन् भर स्टँडवर मोठ्यानं वाचाया लागला. बाया जमलत्या, दूधवाले थांबलते. अण्णा वाचतोय, शेफ म्हणाले, ही आमटी माझ्या आजीची, लहानपणी तिच्या चुलीपाशी बसून मी ती शिकलो, एकदा तिच्या हातून भाकरी जळली आणि. अण्णा थांबला. मायनं विचारलं, माझं नाव कुठं हाय? अण्णानं पान उलटलं, परत उलटलं, म्हणला, आत्याबाई, मागच्या पानावर असंल. मागच्या पानावर साड्यांची जाहिरात होती.

बायांना दम कुठं निघतोय? पारूकाकी म्हणली, गया, तू त्याची आजी, मग त्यो तुझा नातूच झाला की गं, एवढा गोरा कुणावर गेला? दुसरी म्हणली, नातसून कवा आणती? सगळ्या हसल्या, मायबी हसली. आन् मग म्हणली, नातू असता तर एकदा घरी आला असता.

हे मला अण्णानं फोनवर सांगितलं. मायनं न्हाई सांगितलं. ती एवढंच म्हणली, राहू दे गं, छापायची चूक असंल.

मी सोमवारी सरांपुढं उभी राहिले. म्हणले, सर, तुमच्या आजीच्या घरी तर स्वयंपाकाला बाई होती, तुमीच सांगितलतं, आजीनं जन्मात चूल पेटवली न्हाई. आन् तिचं गाव समुद्राकाठी, तिकडं ज्वारीची भाकर कोण थापतं, जळायला? सर चिडले न्हाईत. खुर्चीवर बसवलं मला, पाणी दिलं. म्हणले, मावशी, मी नाव सांगितलं होतं, शपथेवर सांगतो. पण हॉटेलाच्या जाहिरातीचं काम बघणारी माणसं म्हणली, ऊसतोडीची बाई म्हणलं की लोकांना वाईट वाटतं, आणि जेवायला आलेल्या माणसाला वाईट वाटून चालत नाही. आजी म्हणलं की बरं वाटतं. आजी म्हणजे सगळ्यांचीच आजी, मावशी, तुमची आई त्यात आलीच.

मी म्हणले, आलीच तर नाव कावून न्हाई?

म्हणले, पुढच्या कार्डावर नक्की.

पुढचं कार्ड गणपतीनंतर आलं. आमटीच्या बाजूला एका म्हातारीचा फोटो, नऊवारी, नथ, हातात लाटणं. लाटणं! भाकर करणाऱ्या बाईच्या हातात लाटणं. म्हातारी कोण म्हणून विचारलं तर फोटोसाठी आणलेली, दुसऱ्या दिवशी पापडाच्या जाहिरातीलाबी तीच. उस्ताद म्हणला, मावशी, तुमच्या अम्मीला बदलून टाकलं ह्यांनी. त्या दिवशी मी भाकरी केल्या, नेहमीएवढ्याच, परात धुऊन पालथी घातली, आन् आले निघून. सर दारापर्यंत आलते. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, ते खोटं नव्हतं. पर डोळ्यात पाणी येतंय आन् कार्डावर नाव येत न्हाई, ह्याचं मी काय करू?

आता माजलगावात मोंढ्याच्या, म्हंजी धान्याच्या बाजाराच्या, बाजूला पत्र्याचं शेड टाकलंय. हमाल, अडतीवरची माणसं, कपिलधारच्या यात्रेला जाणारे भाविक, सगळे येतेत. नवरा पुण्याहून आला परत, गल्ल्यावर बसतो. माय चुलीपाशी खाटेवर असती. तिला आता वास येत न्हाई नीट, भाकर किती जळली ते मला विचारती, मी सांगते, आन् ती म्हणती, काढ आता. अजून तिचा अंदाज चुकत न्हाई. पर रविवार आला की विचारतेच, सुमे, पेपर आला का? तिला वाटतंय छापायची चूक होती, आन् चूक झाली की पेपरवाले दुरुस्त करतेत. मी म्हणते, आज न्हाई आला. तिचं वय बघा, किती रविवार म्हणू मी असं?

सरांचं वाईट व्हावं असं मला वाटत न्हाई. त्यांच्या हाताला चव हाय, अजून चार हॉटेलं निघोत त्यांची, लेकरंबाळं सुखात राहोत. मला त्यांच्याकडून काय घ्यायचं न्हाई, माय जिती हाय तवर तिचं नाव तेवढं पायजे.

तर हे वाचणारे तुमी, शहरात राहता ना? हॉटेलात जाता ना? मग जा तिथं. नथवाली म्हातारी लाटणं घेऊन दिसली की समजा, तेच. कार्डावर लिवलंय तसं मागू नका. वाढायला येईल त्याला सांगा, तलवाड्याच्या गयाबाईची काळी आमटी आणा. तो म्हणंल, अशी काही नाही आमच्याकडं. मग शेफला बाहेर बोलवा, चार टेबलांना ऐकू जाईल असं विचारा, ही कोणाची? आन् त्याच्या तोंडून गयाबाईचं नाव निघत न्हाई, तवर वाटीला हात लावू नका.