विमानाचा दिवा आणि दादाची सही

हॅलो?

हॅलो... कोण? ... अगं छकुले, तू होय! आवाज इतका घुमतोय, मला वाटलं बँकेतून वगैरे कोणी... विमानाच्या हँगरमधून बोलतेयस? बरं, बरं.

पत्र? ... हो. मिळालं की. ... कधी म्हणजे... तू टाकलंस त्यानंतर लगेचच. ... हो, मध्ये अख्खा उन्हाळा येऊन गेला. माहीत आहे मला.

उत्तर लिहिलं नाही असं नाही गं. लिहिलं. ... बऱ्याचदा लिहिलं. ... टाकलं नाही, एवढंच.

हसू नकोस. ... बरं हस. धाकट्या बहिणीचा हक्कच आहे तो.

काय? ... दिवा परत गेला? ... काल? उतरतानाच? ... थांब, थांब, मला बसू दे. खुर्चीवर पुस्तकं आहेत... हं. बसलो. भिंगरी कशी आहे? ... दिव्याचं नंतर सांग गं, तुझी लेक बरी आहे ना? ... बरी आहे. ... हं. आता सांग पुढे.

औषधांचे खोके घेऊन येत होती... हं... अंधारून आलं होतं... झाडांच्या वर आली आणि दिवा गेला. ... अगं बाई गं. ... मग? ... धावपट्टीच्या कडेचे दिवे दिसत होते, त्यांच्या अंदाजाने उतरली. ... आणि खाली येऊन हसत होती? तुझ्यावर गेलीय. ... छे, मी कसला हसतोय. मी तर इथे खुर्चीत बसून घामाघूम झालोय.

हो. पत्रात हेच विचारलं होतंस तू. पाठ आहे मला ते. 'दादा, विमानाच्या नाकातला उतरायचा दिवा सारखा जातो. तू दिव्यांच्या कारखान्यात जन्म काढलास. तो जास्त टिकावा म्हणून काय करू ते कळव.' ... आणि शेवटी, 'ये एकदा.' ... हो, तेही वाचलं.

अगं, कारखान्यात होतो म्हणजे काय, इंजिनियर थोडाच होतो? चाचणीच्या खोलीत बसायचो. दिवे लावायचे, कुठला कधी जातो ते लिहायचं, आणि तोपर्यंत त्यांच्याच उजेडात वाचत बसायचं. ... कादंबऱ्या, दुसरं काय! साहेबांना वाटायचं मी नोंदी तपासतोय. ... अर्ध्या वाक्यात दिवा जायचा. मग शेजारच्या दिव्याखाली सरकायचं आणि वाक्य पुरं करायचं. ... हो गं, त्यातूनच कळत गेलं थोडंफार. पण असं कळलेलं विमानाच्या नाकात घालायचं म्हणजे...

बरं, बरं. विचारतो. भिंगरी दिवा लावते कधी? ... अगदी शेवटी? ... आणि त्याआधी? ... लावून बघते, बंद करते, परत लावते. कशासाठी? ... वाचावा म्हणून!

नाही, तुला नाही हसत. अगं, तिथेच सगळं मुसळ केरात जातं. दिव्यातली तार गार असते ना, तेव्हा वीज एकदम घुसते तिच्यात. गाढ झोपलेल्या माणसाच्या कानाशी ढोल बडवावा तसं. ... हो, घरातला दिवासुद्धा बटण दाबताक्षणीच जातो की नाही? तसंच. जितक्या वेळा वाचवायला म्हणून बंद केला, तितक्या वेळा ढोल बडवून उठवला.

मग... म्हणजे मला असं वाटतं... वाटतं म्हणतोय हं मी... की तिने लांबूनच लावावा. पट्टीकडे तोंड वळवलं की लावायचा, आणि खाली येऊन वेग उतरेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. ... छे छे, जमिनीवर उभ्याउभ्या जाळत ठेवायचा नाही! उडताना वारा लागतो त्याला. उभं असताना नुसता भाजत बसतो.

आणि छकुले, हे नीट ऐक. दिवा वाचवायचा म्हणून अंधारात दिव्याशिवाय उतरायचं नाही. कधीच नाही. गेला दिवा तर गेला. ... तुम्ही नाही करणार गं, पण मी लिहिलं आणि वाचणाऱ्याने भलताच अर्थ घेतला तर? तेच डोक्यात घोळतं. लिहितो, खोडतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

दुसरं? ... आहे. पण रागावशील. ... नक्की नाही? ... तो दिवा बसवतं कोण? तूच ना? ... स्क्रू किती आवळतेस? ... 'जिवाच्या आकांताने.' वाटलंच मला.

अगं ऐक ना... अगं ऐक... लहानपणी तू बंद केलेली बरणी घरात कोणाला उघडत होती का? ... बाबा दाराच्या फटीत झाकण धरून बरणी फिरवायचे, आठवतं? शेवटी आईने तुला बरण्यांना हात लावायची बंदी घातली. ... पैलवान मी नाही म्हणायचो, काका म्हणायचे.

तर सांगायचं म्हणजे... दिवा गेला की तुला वाटतं ढिला राहिला होता, आणि पुढचा तू आणखी आवळतेस. होय ना? ... आणि मग इंजिनाची सगळी थरथर थेट त्या तारेत. तुटेल नाहीतर काय करील बिचारी! ... सैल नाही! सैल म्हणालो का मी? पडेल ना तो! दिवा धरणाऱ्या कडीच्या खाली मऊ रबराची चकती घालायची, उष्णता सोसणारं रबर मिळतं ते. मग स्क्रू बेताने. दिवा जागचा हलता कामा नये, पण त्याचा गळाही आवळायचा नाही. ... आमच्या खोलीत खालच्या मजल्यावर यंत्रं चालायची. लाकडी पाटावरचे दिवे भराभर जायचे, आणि ज्या पाटाखाली जुनी सायकलची ट्यूब घातली होती, त्यावर मी अख्खी कादंबरी संपवली होती. ... जाडी! दोन भागांची.

मग घाल ना चकती. आत्ता घाल. ... का? ... लेखी पाहिजे. ... हो, तुमचा तो नियम. कागदावर सही असल्याशिवाय विमानाला चकतीसुद्धा नवी लावायची नाही. ... शहाणपणाचा नियम आहे, मी कुठे नाही म्हणतो? ... तपासनीस बघून मंजूर करतील. बरं. ... पण त्यांना दिव्याच्या माणसाचा कागद पाहिजे. ... सहीसकट.

हेच ते. ... कागद आहेत गं. टेबलावर ढीग आहे. सही नाहीये. ... एकावरही नाही.

भीती कसली म्हणजे... माझं चुकलं तर काय फक्त दिवा जाईल? ... हो, काल माझ्या सहीशिवायच गेला. ... खरं आहे तुझं.

छकुले, आणखी एक आहे. ... नको, जाऊ दे. ... अगं काही नाही. ... बरं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. आता ते एलईडी निघालेत ना. त्यात तारच नाही. थरथरीची भीती नाही, ढोल नाही, काही नाही. तुझ्या पत्राला खरं उत्तर एका ओळीचं होतं. 'तो काढून टाक, नवा लाव.' ती ओळ लिहिली की मला वाटायचं, मग मी इतकी वर्षं त्या खोलीत बसून... म्हणजे कादंबऱ्या तेवढ्या उरतात हातात. ... नाही गं, रडतोय कुठे. चष्मा पुसतोय.

काय? ... लावून पाहिला होता? ... मग? ... दिवा लावला की रेडिओत घुर्र? ... खालून बोललेलं तिला ऐकूच येईना? ... आणि काढून ठेवलास. ... आणि त्या विमानाला चालणारा दुसरा मंजूर होऊन यायला किती महिने जातील ते कोणालाच ठाऊक नाही. ... तोवर हाच. तारेचाच.

अगं, मग हे पत्रात का नाही लिहिलंस! ... मी विचारलं असतं तर लिहिलं असतंस. ... उत्तर टाकलं असतं तर विचारलं असतं. ... बरोबर. बोलायला तोंड नाही मला.

भिंगरी कुठे आहे आत्ता? ... वर? आत्ता वर आहे? ... आणि आजचा दिवा? ... नवा घातलास. आवळूनच. ... अगं मग माझ्याशी काय बोलत बसलीयस! रेडिओ आहे ना शेजारी? सांग तिला. लांबून लाव आणि हात लावू नकोस म्हणावं. बटणाला काही सही लागत नाही. ... थांबतो, थांबतो. सांग.

...

हं. सांगितलंस? ... काय म्हणाली? ... 'मामाला म्हणावं, पत्र चालत निघालंय का?' चावट कार्टी.

कुठला कागद पाठवू पण? शेवटच्यात नमनालाच घडाभर तेल गेलंय. ... छोटा? हा आहे बघ, रबर, बटण, आणि खाली ते दिव्याशिवाय न उतरायचं. ... पेन... चालत नाहीये... चाललं. ... ... केली. ... अगं, वाकडी आलीय! ... नाही, नाही, परत लिहीत नाही. ... पाकीट आहे. तिकीट केव्हाचं लावून ठेवलंय. धूळ बसलीय वर.

नको, फोन ठेवू नकोस! तू ठेवलास तर मी जिन्यातून माघारी फिरेन. ओळखतो ना मी मला. ... हं, दार लावलं. ... उतरतोय. ... खालच्या शिंपीणबाई आहेत... हो, हो, पत्र टाकायला... काय म्हणालात? ... अगं, त्या म्हणतायत माझ्या पायात दोन वेगळ्या चपला आहेत. ... आहेत खऱ्या. ... नाही फिरत मागे! चाललोय.

दम लागलाय म्हणून बोलत नाही. ... कोपरा आला... पेटी दिसतेय.

छकुले... 'ये एकदा'चं उत्तर नाही गं लिहिलं यात. ... पाकिटाच्या मागे? ... आहे जागा. थांब, पेटीवरच टेकतो. ... 'येतो.' ... एवढंच लिहिलं. ... कसा म्हणजे? ... तिच्या विमानाने? मी? ... अगं, मला स्टुलावर चढलं तरी... ... बरं. ... नाही, 'बघू' नाही म्हणालो. 'बरं' म्हणालो.

काय झालं? ... आवाज येतोय? हो, मलाही फोनमधून येतोय बारीक... तीच? ... झाडांच्या वर आली? ... दिवा? ... छकुले, दिवा लागलाय का? ... बोल ना गं! ... लांबूनच लावलाय. ... अजून आहे? ... अजून? ... ...

टेकली?

... टेकली. ... हं. ... हं.

रडू नकोस. ... पूस तूही चष्मा.

आता तू ऐक. फोन पेटीपाशी धरतोय. ... ... ऐकलंस? ... पडलं आत. आता माझ्या हातात काही नाही.

जा, पोरीला घेऊन ये आत. आणि हे बघ, ते स्क्रू... हो, हो. कागद येईपर्यंत हात नाही लावायचा. ... ठेव आता. ... तू ठेव. ... बरं, मीच ठेवतो.