कानातून काढलेली कर्णफुलं

किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, दवाखान्यात रक्त तपासायच्या रांगेत सैकाल बसली होती. शेजारी नुरझात आणि तिची सोयरीक मोडून गेलेली होणारी सासू कडाकडा भांडत होत्या.

“झालं गेलं विसर, पोरी. घाल ही सोयरिकीची कर्णफुलं.”

“भर अंगणात माझ्या कानातून तुम्हीच ओरबाडलीत ना, अपा?”

“कागदावर ‘कावीळ-बी’ आणि पॉझिटिव्ह लिहिलेलं. आम्हा अडाण्यांना काय कळतंय?”

“कळत नव्हतं तर विचारायचं! रोगाचा विषाणू नाही, असं वरच लिहिलं होतं. पॉझिटिव्ह होती ती लशीनं रक्तात आलेली ताकद.”

“आता सांगितलं ना डॉक्टरांनी!”

“माझा चहाचा पेला फोडलात तुम्ही. अहो, रोग असता तरी पेल्यातून लागला नसता. तो रक्तातून लागतो, नवराबायकोत लागतो, बाळंतपणात बाळाला लागतो. आणि नवऱ्याला लस देता येते.”

“चुकलं बाई. माझा तिलेक झुरतोय तुझ्यासाठी.”

“त्याचं रक्त तपासलंत?”

“त्याचं कशाला? चांगला घोड्यासारखा आहे!”

“घोड्याच्या रक्तात काय आहे ते बघून आणा, मग बोला.”

“जीभ बघा हिची! माझ्या मुलाला रांगेत उभं करतेस?”

सैकालनं बाकावर सरकून जागा केली.

“पाठवा त्याला, अपा. रांगेत माझ्यामागे अजून कुणी नाही.”