बारक्याचा पत्ता मागताना झालेल्या ओढाताणीबाबत

मी, ओळखीचे लोक ज्यास मास्तर म्हणतात तो, वय ७२ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा पूर्वी सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवण्याचा, आता घरीच, राहणार लॉन्ड्रीवरील तिसरा मजला, खोली क्रमांक ११. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो ते असे:

मी मोठ्या मुलीसोबत राहतो. पत्नी हयात नाही. धाकटा मुलगा, घरात ज्यास बारक्या म्हणतात, सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. त्याच्या नावावर क्रेडिट कार्डाची थकबाकी होती. त्यावरून मी त्यास बोललो होतो. काय बोललो ते या प्रकरणात लागत नाही.

त्यानंतर बँकेचा वसुलीवाला घरी येऊ लागला. पहिल्या वर्षी तो जिन्यात उभा राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असे ओरडत असे, "म्हातारा पोराला लपवून बसलाय!" मुलगा कुठे आहे हे मला माहीत नव्हते व तसे मी प्रत्येक वेळी खरे सांगितले. पुढे तो आत येऊन बसू लागला. त्याच्या मोटारसायकलची फाटलेली सीट मी शिवून दिली. मुलाबद्दल मला त्याच्याकडूनच दोनदा कळले. एकदा, की फोन नंबर बदलला. एकदा, की कुठल्याशा गोदामात कामाला होता, तेथून गेला.

तीन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "काका, काहीच भरणा नाही, फाईल थंड पडली. आता ऑफिस त्याला शोधायचं बंद करणार." म्हणून मी त्या खात्यात पाचशे रुपये भरले. थोडेही पैसे भरले की वसुलीची मुदत संपत आलेले जुने कर्ज पुन्हा जागे होते, असे मुलीने वकिलास विचारून मला सांगितले. "बाबा, गाडलेलं मढं स्वतःच्या हाताने उकरलंत," असे ती म्हणाली. त्यानंतरही मी दर सहा महिन्यांनी पाचशे भरले. हे तिला आजच कळत आहे.

काल मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वसुलीवाला आला व दारातच उभा राहिला. म्हणाला, "काका, सुटलात. पोराने परवा सगळं एकरकमी भरलं. आता मी यायचा नाही." मी विचारले, कुठून भरले? तो म्हणाला, "पत्ता, फोन सगळं या बॅगेतल्या कागदावर आहे, पण सांगितलं तर माझी नोकरी जाईल. सहा वर्षं मी तुम्हाला विचारत होतो, आता तुम्ही मला विचारताय, काय वेळ आली बघा!" तो हसला. वाईट हेतूने हसला नाही.

तो वळला तेव्हा मी त्याच्या बॅगेचा पट्टा धरला. तो "काका, सोडा ना" असे चार-पाच वेळा म्हणाला. मी सोडला नाही. ओढाताणीत मी दोन पायऱ्या खाली घसरलो, डाव्या कोपरास खरचटले. मुलगी आवाज ऐकून बाहेर आली. तिला वाटले त्याने मला ढकलले. तिने तक्रार दिली ती माझ्या काळजीने दिली. त्याने मला हात लावला तो फक्त उचलून बसवण्यासाठी. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. त्यास घरी जाऊ द्यावे.

बॅग ठाण्यात जमा आहे, मला येथून दिसते. त्यातला पत्ता मला देता येत नाही असे साहेबांनी सांगितले. मी गाव कोणते हेही विचारले नाही. एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे का, एवढेच विचारले. भरणा खरोखर झाला का याची खात्री करण्यासाठी मुलास ठाण्यातून फोन करावा लागेल, असे साहेब म्हणाले. फोन झाल्यास मी पडलो हे त्यास सांगू नये, तो घाबरेल, असे मी सांगितले. थोड्या वेळाने मी म्हणालो, की सांगावे.

हा जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वरचे शेवटचे वाक्य खोडायचे का, असे त्यांनी विचारले असता मी नको म्हणालो. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.