खोकं आणि चिप

लातुरात वकारभाईंच्या दुकानात माझा प्रिंटर दुरुस्त होईपर्यंत बसलो होतो. तेवढ्यात कोचिंग क्लासवाले संगमेश्वर सर नेटवर्क कार्डाचं खोकं घेऊन आले.

“वकारभाई, नांदेडहून आणलेलं हे कार्ड लॅबच्या सर्व्हरला लावलं, पण लिनक्सवर चालंना. उद्या पोरांची सराव परीक्षा हाय, सगळी लॅब बंद. मागचं याच कंपनीचं होतं, ते झकास चाललं की.”

“खोकं तेच हाय सर, आतली चिप बदलली. लिनक्सला खोक्याशी काय करायचंय?”

“मग माणसानं घ्यावं तरी कसं?”

“देवणीचा बैल शिंगाचा रंग बघून घेता का? औताला जुपून बघताव ना? ह्या मशीनमधी लिनक्स हाय. दुसरं कार्ड लावतो, इथं चाललं तरच न्या.”

“लावा... हां, आलं की नेट. लई बेस. चालवून बघितल्याबिगर आता काहीच घेणार न्हाई मी.”

“बराबर. सर, आमची पोरगी अर्शी दहावी झाली. आठ दिवस तुमच्या क्लासात बसू द्या. तिला समजलं तर प्रवेश घेऊ.”

“तसं नसतंय वकारभाई. आधी प्रवेश, मग वर्ग.”

“मग आम्ही बघावं काय?”

“चौकात बोर्ड लावलाय की. टॉपर पोरांचे फोटो हायेत.”

“ते खोकं झालं, सर.”